शेरा

भोसरीत, प्लेटिंगच्या शेडमागे,
जिथं ॲसिडचा वास चहालाही लागतो,
तिथं बसून मी पहिला चौकोन काढला:
पार्टी.
दुसरा: चलन.
मधे रेघ, रेघेच्या एका टोकाला कावळ्याचा पाय
(आमच्या धंद्यात तसंच म्हणतात त्याला),
म्हणजे एका पार्टीची चलनं कितीही,
एका चलनाची पार्टी मात्र एकच.

रशीद तांबोळी, स्टोअरकीपर,
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"असं कोण म्हणालं?"

मालक म्हणाले होते.
मालक वरच्या मजल्यावर बसतात.
वरून सगळं एकेकच दिसतं.

तांबोळींनी पिवळी चलनबुकं काढली,
रबरबँड वितळून पुठ्ठ्याला चिकटलेली,
आणि बोट ठेवलं शेवटच्या रकान्यावर.
शेरा.
माल बेंडाळ्यांचा, बिल जावयाच्या नावे.
१४ नग परत. डाग. पुन्हा बुडवले. पैसे नाहीत.
गुरुवारी लाइट नाही म्हणून बुधवारी रात्री केले.
यांना विचारून लावणे.
यांना म्हणजे कोणाला, ते लिहिलेलं नाही.

आठ रकाने छापील, ऐसपैस,
आणि अख्खा कारखाना
नवव्यात अंग चोरून उभा.

त्या दिवशी चौकोन खोडले.
बदल कधी मीटिंगमधून येत नाही, हे तिथं कळलं.
तो आधी शेऱ्यात येतो, पेन्सिलीनं, तिरका,
कुणाची परवानगी न घेता.
तोच शेरा पंधराव्यांदा दिसला
की त्याला स्वतःचा रकाना द्यावा लागतो,
जसं पाहुणा महिनाभर राहिला
की त्याच्या टॉवेलला खिळा ठोकावा लागतो.

मग चाकणहून बॅटरीच्या स्कूटरवाले आले.
त्यांना प्रत्येक बुशचा जन्मदाखला हवा:
कुठली टाकी, किती मिनिटं, कुठली पाळी, कुणाचा हात.
मी चलन फोडलं. लॉट काढला. टाकी वेगळी केली.
मालक म्हणाले, "परवा तर झालं म्हणालीस."
म्हटलं, "परवा झालंच होतं."

जुने दर मात्र खोडू दिले नाहीत.
प्रत्येक ओळीला दोन तारखा जोडल्या: पासून, पर्यंत.
पर्यंत रिकामं असेल
तर ते अजून चालू आहे असं समजायचं.
माझ्या सगळ्या खटाटोपात
तांबोळींना एवढंच आवडलं.
"रिकामं म्हणजे चालू," दोनदा म्हणाले,
आणि सुपारी कातरत राहिले.

एकतीस मार्चला त्यांचं 'पर्यंत' मीच भरलं.
शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
घड्याळात सेल नव्हता.

दोन एप्रिलला नव्या पोराचा, सुजल थिट्याचा, फोन:
"मॅडम, यांना विचारून लावणे.
कोणाला?"

चार तारखेला तांबोळी गेटवर हजर,
ठेकेदाराकडून, रोजावर, तोच डबा घेऊन.
सुजलनं नाव टाकलं. स्क्रीन लाल झाली:
ही व्यक्ती आधीच आहे.
तांबोळींनी चष्मा खाली ओढून वाचलं.
"बरोबर सांगतंय की."

चूक माझी.
एक माणूस, एक ओळ, हे मी न विचारता धरलं होतं.
नाशिक फाट्यावरची गर्दी ओसरेपर्यंत थांबले,
किल्ली बदलली,
एका माणसाला दोनदा येऊ दिलं.

आता त्यांच्या नावाखाली दुसरी ओळ आहे.
पासून: चार एप्रिल.
पर्यंत: रिकामं.
शेरा, त्यांनी स्वतः एका बोटानं टाइप केलेला:
चष्म्याचा नंबर बदलला आहे.
टाकी तीनचे आकडे दुसऱ्याने पण बघावेत.